थांबण्याचा हक्क : गिरगाव ते लालबाग

रस्ता, फुटपाथ, पूल, स्टेशनचा जिना, मैदान, बाग, चौपाटी, बाजार, रुग्णालयाचे आवार आणि स्वच्छतागृह या शहराच्या सार्वजनिक जागा. त्यांचा खर्च सगळ्यांच्या पैशातून होतो आणि त्या वापरताना कोणाला कारण सांगावे लागू नये, अशी अपेक्षा असते. ज्याचे घर ऐसपैस आहे त्याला या जागा फिरण्यापुरत्या लागतात. ज्याचे घर म्हणजे एक खोली, किंवा ज्याला घरच नाही, त्याचे निम्मे आयुष्य याच जागांत जाते. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, तर शहर नियोजनाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा धरतात. एवढ्या टंचाईत कोणाला जागा मिळते आणि कोणाला उठवले जाते, यावर शहराचा न्याय ठरतो.

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या पट्ट्यात हा प्रश्न शंभर वर्षांच्या इतिहासासह पाहता येतो. माणसांना दूर ठेवण्याची साधने काळानुसार बदलत गेली. आधी जात होती, मग कायद्याचे कलम आले, पुढे कुंपण, शुल्क, लोखंडी खांब आणि सोसायटीचा ठराव आला. या सगळ्यांत एक गोष्ट समान राहिली. सार्वजनिक जागेतून जाण्यास सहसा कोणी अडवत नाही. अडवले जाते ते थांबण्यास. बसणे, टेकणे, विकणे, झोपणे, लघवीला जाणे आणि वाट पाहणे या गरजा ज्यांना घराबाहेरच भागवाव्या लागतात, तेच अशा शहरात सर्वांत आधी बाहेर फेकले जातात.

जातीचे कुंपण

सार्वजनिक गणेशोत्सवाची मुंबईतली सुरुवात 1893 साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत झाली. घरातला उत्सव चाळीच्या चौकात आला. चौकात आलेला उत्सव सगळ्यांचा झाला असे मात्र नाही; जातीची आडकाठी तशीच राहिली. मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या असाव्यात, असे तो ठराव सांगत होता. ठराव झाला, तरी गावोगावचे पाणवठे बंदच राहिले. महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर करूनही तिथले पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

या लढ्याची संघटना परळमध्ये उभी राहिली होती. दामोदर ठाकरसी सभागृहात 9 मार्च 1924 रोजी भरलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन दशकांच्या आसपास राहिले. 1926 साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा, यासाठी प्रबोधनकार ठाकरे, बोले आणि बाबासाहेब उभे राहिले. वर्गणी सर्वांकडून, मंडप सार्वजनिक रस्त्यावर आणि मूर्तीजवळ जाण्याचा अधिकार मात्र काहींनाच, ही विसंगती त्यांनी चव्हाट्यावर आणली. त्याच वर्षी प्रबोधनकारांच्या पुढाकाराने दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला.

पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद 15 ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून अटकाव करण्यास बंदी घातली. गरिबी, आजारपण, अपंगत्व आणि बेघरपण हे शब्द त्या यादीत नाहीत. आजची बहुतेक हकालपट्टी याच कारणांवरून होते.

कायद्याचे हात

मुंबईच्या फुटपाथवरून माणूस उठवण्याचे जुने हत्यार म्हणजे 1888 चा महापालिका कायदा. त्याचे कलम 314 रस्त्यावरचा अडथळा पूर्वसूचना न देता हटवण्याचा अधिकार आयुक्तांना देते. कायद्याच्या नजरेत लाकडाचा ढीग आणि ताडपत्रीखालचा संसार हे दोन्ही अडथळेच.

दुसरे हत्यार 1959 चा मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध कायदा. त्यातली भिकाऱ्याची व्याख्या फार पसरट आहे. हात पसरणारा तर तीत येतोच. गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून किंवा वस्तू पुढे करून पैसे मागणाराही येतो. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागेत रेंगाळतो, एवढ्यावरही माणूस या व्याख्येत बसू शकतो. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन:पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद आहे. मुंबईचे असे गृह चेंबूरला आहे. वासुदेव, बहुरूपी, डोंबारी, पोतराज अशा फिरत्या लोककलावंतांची कला या कायद्याने थेट संशयाखाली आणली. दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये रद्द केली. माणूस भीक मागतो ते राज्यव्यवस्था त्याच्यापर्यंत पोहोचली नाही म्हणून, असा त्या निकालाचा गाभा होता. महाराष्ट्रानेही हा युक्तिवाद मनावर घ्यायला हवा.

मध्य मुंबईतून उभा राहिलेला सर्वांत मोठा खटला फुटपाथवर राहणाऱ्यांचा आहे. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. माणसांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेण्यात आले. तुळशी पाइप रोड, म्हणजे दादर-परळच्या गिरण्यांना लागून जाणारा आजचा सेनापती बापट मार्ग, या कारवाईच्या केंद्रस्थानी होता. हटवलेल्यांत दुष्काळामुळे तामिळनाडूतून आलेले भूमिहीन शेतमजूरही होते. कामाच्या जवळ राहिले तरच काम टिकते, म्हणून ते फुटपाथवर राहत होते.

पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवरील रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यातून देशाला मिळाले. रहिवाशांना मात्र फुटपाथवर राहण्याचा हक्क मिळाला नाही. नोटीस देऊन आणि पावसाळा सरल्यावर त्यांना हटवता येईल, असे न्यायालयाने ठरवले. 1976 च्या गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले गेले. नंतर आलेल्यांना ते संरक्षण नव्हते. देशभर आजही या निकालाचा दाखला दिला जातो; ज्यांनी तो लढवला त्यांच्या पदरात थोडे पडले.

त्याच वर्षी भायखळा परिसरात स्पार्क या संस्थेने फुटपाथवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. ही माणसे कालपरवा आलेली नाहीत, बहुतेक कमावती आहेत आणि कामावर चालत जातात, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. या कामातूनच पुढे महिला मिलन ही फुटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली. जे मोजले जात नाहीत त्यांना पर्यायी जागाही मिळत नाही, हा धडा त्या बायकांनी आपल्या अनुभवातून घेतला होता.

गिरण्यांची जमीन

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी रीतसर मिटला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावल्या. मध्य मुंबईत सुमारे 600 एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार गिरणीची जमीन विकसित करताना साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, तेवढीच म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. बागांची, मैदानांची आणि परवडणाऱ्या घरांची मुंबईला मिळालेली ही एकमेव मोठी संधी होती.

2001 मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त ज्या भागावर बांधकाम नव्हते त्याची उरली. पालिकेचा आणि म्हाडाचा वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल फेटाळला, पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये तो वैध ठरवला. जिथे भोंगे वाजत होते तिथे मॉल, कचेऱ्या आणि टॉवर आले.

मॉल ही सार्वजनिक जागेसारखी दिसणारी खाजगी जागा असते. तिथे बाकडे, कारंजे, स्वच्छतागृह, गार वारा सारे असते; दारावर सुरक्षारक्षकही असतो आणि आत कोण शोभतो हे तो ठरवतो. त्याच जमिनीवर तीस वर्षे साचा चालवलेल्या म्हाताऱ्या कामगाराला तिथे विनाकारण दोन तास बसता येईल, याची खात्री नसते. चाळींचेही असेच झाले. चाळीची गॅलरी, जिना आणि चौक ही अर्धी सार्वजनिक जागा होती. भांडीवाली, कल्हईवाला, मिठागराची मीठवाली, दुपारी सावलीला टेकणारा हमाल यांना तिथे अडवणारे कोणी नव्हते. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला की फाटकावर वही येते आणि फेरीवालीचा शिरकाव बंद होतो.

परळचे फुटपाथ

परळ हे रुग्णालयांचे गाव आहे. केईएम 1926 साली सुरू झाले, टाटा मेमोरियल 1941 साली, आणि शेजारीच वाडिया रुग्णालये आहेत. टाटामध्ये कर्करोगावरील उपचारांसाठी विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार, बंगाल आणि आसामपर्यंतची माणसे येतात. गरीब रुग्णांवर अल्प दरात उपचार होतात. उपचारांचा काळ मात्र लांबलचक असतो. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, सलग पाच-सात आठवडे चालते. केमोच्या दोन फेऱ्यांत बहुधा तीन आठवड्यांचे अंतर असते. तपासणीची तारीख, अहवालाची तारीख, पुढच्या नंबराची तारीख असे करता महिने उलटतात. दाखल असलेल्या रुग्णाला खाट मिळते. बाहेरून उपचार घेणाऱ्याने आणि त्याच्या नातेवाइकाने राहायचे कुठे, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर जेरबाई वाडिया मार्गाच्या आणि आसपासच्या फुटपाथवर दिसते. ताडपत्री, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, औषधांची पिशवी आणि उशाखाली जपलेली फाइल, एवढ्यावर कुटुंबे दिवस काढतात. केमोनंतर शरीराची प्रतिकारशक्ती घटते. डॉक्टर स्वच्छ अन्न, उकळलेले पाणी आणि विश्रांती सांगतात. फुटपाथवर यांतले काहीही मिळत नाही. पाऊस आला की सामान उचलायचे, पालिकेची गाडी आली की पुन्हा उचलायचे. उपचार अर्धवट सोडून गावी परतण्यामागे औषधाच्या खर्चाइतकेच राहण्याचे हाल असतात.

गाडगे महाराजांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि लहान मुलांसाठी सेंट ज्यूड यांसारख्या संस्था या रुग्णांना आसरा देतात. त्यांचे काम मोठे आहे, पण मागणी त्याहून कितीतरी मोठी आहे. म्हणूनच 2021 मधली घटना महत्त्वाची ठरते. मे महिन्यात म्हाडाच्या शंभर सदनिका रुग्णांच्या नातेवाइकांसाठी टाटा रुग्णालयाच्या हवाली करण्यात आल्या. त्या हाजी कासम चाळीच्या जागी झालेल्या इमारतींत होत्या. तिथल्या रहिवाशांनी आक्षेप घेतला, स्थानिक आमदारांनी त्यांची बाजू मांडली आणि जूनमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. राज्यभर हळहळ व्यक्त झाली. दुसऱ्याच दिवशी गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी बॉम्बे डाइंगच्या आवारातील म्हाडाच्या इमारतीत शंभर सदनिका देण्याचे जाहीर केले.

या प्रकरणातून दोन गोष्टी उघड झाल्या. कर्करोग संसर्गाने पसरत नाही हे माहीत असतानाही आजारी माणसाचे शेजारपण नको वाटते; ही जुन्या विटाळाचीच नवी आवृत्ती आहे आणि तिला विरोध झालाच पाहिजे. दुसरी गोष्ट आशेची आहे. रुग्णांना पर्याय मिळाला तो गिरणीच्या जमिनीवर म्हाडाची घरे होती म्हणून. जमिनीतला सार्वजनिक वाटा टिकला तर अडीअडचणीला आलेल्या माणसासाठी जागा निघते.

फेरीवाले

दादर हा मध्य मुंबईचा बाजार. टिळक पुलाजवळचा फुलबाजार, रानडे रोडवरची पथारी, भाजीची टोपली घेऊन पहाटे लोकलने येणाऱ्या बायका, यांच्यावर शहराचे स्वस्त जेवण आणि सणवार चालतात. या व्यवसायाचे नियमन करण्यासाठी 2014 मध्ये पथविक्रेता कायदा आला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र पूर्ण होईपर्यंत हटवण्यास मनाई, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावणे, आणि शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के निवडून आलेले फेरीवाले, त्यांत एक तृतीयांश महिला, अशा त्याच्या तरतुदी आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार सव्वा कोटींच्या घरात असलेल्या मुंबईत अडीच टक्के म्हणजे तीन लाखांवर फेरीवाले. 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले. समितीसाठी मतदान ऑगस्ट 2024 मध्ये झाले, म्हणजे कायदा होऊन दहा वर्षांनी, आणि मतदार होते सुमारे 32 हजार. उरलेल्यांना नोंद नाही, म्हणून संरक्षण नाही. त्यांना दंडाची पावती, जप्त झालेला माल आणि हप्ता एवढेच ठाऊक आहे.

29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 जणांचा बळी गेला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या वाढल्या, प्रवासी वाढले, पूल मात्र तेवढाच राहिला, हे त्या दुर्घटनेचे मूळ होते. त्यानंतर रोख वळला तो स्टेशनांबाहेरच्या फेरीवाल्यांकडे. स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत विक्री करता येणार नाही, हे बंधन उच्च न्यायालयाने 1 नोव्हेंबर 2017 च्या आदेशात कायम ठेवले. पादचाऱ्याला मोकळी वाट हवीच. ती वृद्धांना, मुलांना आणि अपंगांना सर्वांत अधिक हवी. पण वाट मोकळी करताना विक्रेत्याला आखून दिलेली जागा मिळाली नाही, तर तो संध्याकाळी तिथेच परततो.

लालबागचा राजा या प्रश्नाची आठवण दरवर्षी करून देतो. 1932 मध्ये पेरू चाळीचा बाजार बंद पडला आणि कोळी व किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमच्या जागेसाठी त्यांनी गणपतीला नवस केला, जागा मिळाली आणि 1934 मध्ये मूर्तीची स्थापना झाली, असा मंडळाचा इतिहास आहे. देशातल्या सर्वांत गाजलेल्या गणपतीचा उगम फेरीवाल्यांच्या जागेच्या मागणीत आहे.

बायका आणि स्वच्छतागृहे

बाईचे सार्वजनिक जागेतले असणे कामाशी बांधलेले असते. ती ऑफिसला जाते, मुलाला शाळेतून आणते, भाजी घेते. नुसती कट्ट्यावर बसली तर तिच्याकडे बघणारे डोळे कारण विचारतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांचा अभ्यास करून 2011 मध्ये इंग्रजीतून लिहिलेल्या ‘व्हाय लॉइटर’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. बाईला विनाकारण रेंगाळता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे.

या प्रश्नाची सर्वांत बोचरी बाजू स्वच्छतागृहांची. पुरुषांना मुताऱ्या मोफत आणि बायकांकडून पैसे, ही मुंबईतली जुनी रीत. 2011 मध्ये कोरो आणि इतर अनेक संस्थांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू करून तिला आव्हान दिले. दिवसभर बाजारात बसणारी भाजीवाली पाणी पिणे टाळते आणि मूत्रमार्गाचे आजार सोसते. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात किंवा मधुमेहात हे हाल दुप्पट होतात. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महापालिकांना महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. स्वच्छतागृह नसणे म्हणजे बाईला घराबाहेर किती तास राहता येईल याची मर्यादा घालणे, हे त्यामुळे कायद्याच्या भाषेत नोंदले गेले.

खांब, बाकडी आणि खिळे

बांधकामातूनही माणूस अडवता येतो. मोटारसायकली फुटपाथवर चढू नयेत म्हणून पालिकेने तोंडाशी लोखंडी खांब रोवले. चाकाच्या खुर्चीला जायला साधारण 90 सेंटिमीटरची मोकळी रुंदी लागते. अनेक ठिकाणी तेवढी ठेवली गेली नाही. शिवाजी पार्क परिसरातील एका अपंग रहिवाशाने पाठवलेल्या ईमेलची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये हा विषय स्वतःहून सुनावणीस घेतला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सुगम करण्याचे बंधन घालतो. तरीही स्टेशनच्या पुलांवरचे उंच जिने, उतार नसलेल्या कडा आणि उखडलेल्या फरश्या अंध, वृद्ध आणि अपंग माणसाला घरात बसवतात.

काही बांधकाम जाणूनबुजून असते. बाकड्याच्या मधोमध लोखंडी दांडा बसवला की तिथे आडवे होता येत नाही. पुलाखालच्या जागेला जाळी लावून कुंड्या ठेवल्या की आसरा जातो. मार्च 2018 मध्ये फोर्टमधील एका बँकेच्या शाखेबाहेरच्या कट्ट्यावर टोकदार खिळे बसवले गेले. लोकांनी संताप व्यक्त केल्यावर ते काढावे लागले. गिरगाव चौपाटीवरच्या नाना-नानी पार्कसारखी वृद्धांसाठी राखलेली जागा दाखवून देते की रचना माणसाला हाकलू शकते तशी बोलावूही शकते.

बेघर

2011 च्या जनगणनेत मुंबईत 57 हजारांहून अधिक बेघर नोंदले गेले. रात्री जागा बदलत राहणाऱ्यांची मोजणी कठीण असल्याने प्रत्यक्ष संख्या याहून मोठी असल्याचे या क्षेत्रातील कार्यकर्ते सांगत आले आहेत. त्यांत पारधी समाजाची कुटुंबेही आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर मारलेला शिक्का 1952 मध्ये कायद्यातून पुसला गेला, पोलिसी नजरेतून गेला नाही. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले. त्या हिशेबाने मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर त्या आकड्याच्या जवळही पोहोचलेले नाही. आहेत त्यांतही नवरा, बायको आणि मुले एकत्र राहू शकतील असे कुटुंब निवारे तुरळक.

मार्च 2023 मध्ये फोर्ट परिसरातल्या फुटपाथवर झोपणाऱ्यांचा विषय उच्च न्यायालयापुढे आला. बेघर हीसुद्धा माणसेच आहेत, त्यांना बाहेर फेका असे न्यायालय सांगू शकत नाही, अशी भूमिका खंडपीठाने घेतली. 1985 च्या निकालातले तत्त्व जवळपास चार दशकांनी पुन्हा बोलून दाखवावे लागले.

करण्याजोगे

या सगळ्या प्रकरणांतून उपाय स्पष्ट दिसतात आणि बहुतेकांना कायद्याचा आधार आधीच आहे. पहिला उपाय मोजणीचा: फेरीवाले, बेघर आणि रुग्णालयांबाहेर राहणारी कुटुंबे यांची नियमित, प्रामाणिक नोंद. दुसरा पर्यायाचा: जागा दाखवल्याशिवाय कोणाला उठवू नये. मोठ्या रुग्णालयाच्या आराखड्यात खाटांबरोबर नातेवाइकांचा निवारा मोजला जावा, आणि वाराणसी, गुवाहाटीसारख्या केंद्रांमुळे रुग्णांना घराजवळ उपचार मिळू लागले आहेत ते काम वाढावे. तिसरा उपाय रचनेचा: प्रत्येक फुटपाथला उतार, प्रत्येक बाजाराला महिलांसाठी मोफत स्वच्छतागृह, दुपारीही उघडी बाग आणि आडवे होता येईल असे बाकडे. चौथा कायद्याचा: भीक मागण्याला गुन्हा मानणारा 1959 चा कायदा महाराष्ट्राने रद्द करावा आणि त्याच्या जागी पुनर्वसनाची योजना आणावी. पाचवा जमिनीचा: म्हाडा, पालिका, बंदर आणि रेल्वे यांच्या ज्या जमिनी पुढे मोकळ्या होतील, त्यांतला सार्वजनिक वाटा नियम बदलून आटवू नये.

शिस्त, स्वच्छता आणि मोकळी वाट या नागरिकांच्या रास्त मागण्या आहेत. त्या पुऱ्या करताना आजारी, वृद्ध, अपंग, गरीब आणि बेघर माणसालाही नागरिक मानणे, एवढीच या विषयाची अट आहे. ज्या जागेत सर्वांत दुबळा माणूस निर्धास्त थांबू शकतो, ती जागा इतर सर्वांसाठीही सुरक्षित असते. गिरगाव ते लालबाग या पट्ट्याने हा हक्क ठरावातून, सत्याग्रहातून, खटल्यातून आणि मोहिमेतून पुन:पुन्हा मागितला आहे. तो अंमलात आणणे हे आता महापालिकेचे, राज्य सरकारचे आणि प्रत्येक सोसायटीतल्या रहिवाशांचे काम आहे.